जानेवारी १९३८ : एका आमदाराचा महिना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातल्या काही तारखा महाराष्ट्राला पाठ आहेत. २० मार्च १९२७, २४ सप्टेंबर १९३२, १३ ऑक्टोबर १९३५, १४ ऑक्टोबर १९५६. चवदार तळे, पुणे करार, येवला, नागपूर. १० जानेवारी १९३८ ही तारीख मात्र फारशी कोणाच्या तोंडी नसते. त्या दिवशी कोकणातली आणि देशावरची हजारो कुळे मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेली आणि बाबासाहेब त्यांच्या पुढे होते. स्वातंत्र्यापूर्वी या भागात शेतकऱ्यांचा एवढा मोठा मोर्चा क्वचितच निघाला असेल.

मी विद्यापीठातला संशोधक नाही. नोकरी सांभाळून, रजा टाकून, ग्रंथालयांत बसून जे वाचता आले त्यावर माझे शिक्षण झाले. या तारखेकडे मी वळलो तो घरातल्या एका शब्दामुळे. माझे आजोबा खेड तालुक्यातले अर्धेलीचे कूळ होते. घरचे भात कापायचे राहिले तरी आधी खोताच्या शेतावर जावे लागे, हे आजी सांगायची. सांगताना ती ‘वेठ’ हा शब्द असा उच्चारायची की तो आजाराचे नाव वाटावा. त्या शब्दाचा माग काढत गेलो, तेव्हा १० जानेवारी लागली. तिच्या मागचे-पुढचे दिवस पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा मोर्चा एकटा नाही. डिसेंबर १९३७ च्या अखेरीपासून फेब्रुवारी १९३८ च्या मध्यापर्यंत हा आमदार एकामागून एका समूहाला भेटत होता. दलित वर्ग, मातंग, ख्रिस्ती, नगरपालिकेचे सभासद, कोकणातली कुळे, रेल्वेचे कामगार. लोकप्रतिनिधी लोकांना भेटतो म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घ्यायला हे सहा आठवडे फार उपयोगी आहेत, असे माझे मत झाले. ते येथे मांडतो.

मतदार कोण, माणसे कोण?

१९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका १९३७ च्या आरंभी झाल्या. त्याआधी ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. नाव मुद्दाम निवडलेले होते. पक्ष एका जातीचा नाही, श्रम करणाऱ्यांचा आहे, हे त्यात सांगायचे होते. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी पक्षाने मोजक्याच लढवल्या आणि त्यांतल्या बहुतेक जिंकल्या. बाबासाहेब स्वतः भायखळा-परळ भागातून निवडून आले. त्यांच्या विरुद्ध काँग्रेसने उभे केले होते ते पळवणकर बाळू, आपल्या काळातले नामांकित गोलंदाज आणि स्वतः अस्पृश्य समाजातले. लढत सोपी नव्हती. फरक सुमारे दोन हजार मतांचा होता.

पुणे करारामुळे जागा राखीव असली तरी मतदार सर्व जातींचे होते. मात्र सगळी प्रौढ माणसे मतदार नव्हती. मताचा हक्क जमीनमहसूल, घरभाडे, कर, शिक्षण अशा अटींना बांधलेला होता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून मतदार सुमारे तीन कोटी. ज्याच्या नावावर जमीन नाही, जो दुसऱ्याची जमीन कसतो, ज्याच्याकडे साधी पावतीही नाही, असा माणूस या यादीत येणे कठीण होते. म्हणजे आमदाराला भेटायला येणाऱ्यांतले बहुसंख्य लोक त्याला मत देऊ शकत नव्हते. पुढचे सगळे समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरी गोष्ट परळची. गिरणगावातल्या चाळींत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेली माणसे फार मोठ्या संख्येने राहत. एकेका खोलीत गाववाल्यांचा गाळा, महिन्याच्या पगारातून गावी मनीऑर्डर, शिमग्याला आणि गणपतीला बोटीने घरी. त्या मनीऑर्डरीतले काही पैसे खोताच्या देण्यात जात. गावचे खोताचे देणे परळच्या मजुरीवर फिटत होते, असे म्हटले तरी चालेल. परळच्या आमदाराने खोतीचा प्रश्न हाती घ्यावा, यात म्हणून काहीच परके नव्हते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हेही मंडणगडाजवळचे, खोतीच्याच मुलखातले.

पंढरपूर आणि सोलापूर

डिसेंबर १९३७ अखेर बाबासाहेब सोलापूर जिल्ह्यात गेले. पहिली परिषद पंढरपुरात, जिल्ह्यातल्या दलित वर्गाची. जागा ध्यानात घ्यावी. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी होती, पण चोखोबांच्या जातीच्या माणसाला विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. तो मिळायला साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण व्हावे लागले. त्या गावात भरलेल्या परिषदेत बोलणे झाले ते देवदर्शनापेक्षा राजकारणाचे आणि संघटनेचे. मंदिर-सत्याग्रहाचा मार्ग बाबासाहेबांनी तोवर मागे टाकला होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षे चालवून दार उघडले नव्हते. आता कायदेमंडळाचे दार थोडे किलकिले झाले होते आणि त्यातून काय आणता येईल, हे लोकांना सांगायचे होते.

तिथून सोलापूर. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मातंग समाजाची परिषद झाली. महार आणि मांग यांच्यातले अंतर हा या चळवळीचा नाजूक भाग होता. आंबेडकर म्हणजे महारांचे पुढारी, हा प्रचार विरोधक करत आणि मातंग समाजातल्या काहींना तो पटतही असे. त्यामुळे या सभेत अस्पृश्यांतल्या अस्पृश्यतेचा विषय टाळून चालणार नव्हते. एकमेकांच्या हातचे न खाणाऱ्या दोन जातींनी सवर्णांकडे समतेची मागणी करणे पोकळ ठरते, हे बाबासाहेब अनेक ठिकाणी सांगत आले होते.

सोलापुरातच ख्रिस्ती लोकांची सभा झाली. येवल्यात धर्मांतराची घोषणा करून सव्वादोन वर्षे झाली होती. आंबेडकर कोणत्या धर्मात जाणार, यावर साऱ्या देशाचे डोळे होते आणि ख्रिस्ती समाजात साहजिकच उत्सुकता होती. बाबासाहेबांनी तेथे बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला आकर्षित केले आहे, असे सांगितले. ऐकणाऱ्यांना बरे वाटले असणार. पण त्याच भाषणात त्यांनी पुढचेही सांगून टाकले. दक्षिणेत चर्चमध्येसुद्धा जातीप्रमाणे बसायच्या जागा वेगळ्या आहेत, आणि धर्म बदललेले लोक पूर्वीच्या अन्यायाशी झगडत नाहीत. पाहुण्याने यजमानाच्या घरात बसून त्याच्या घरातला दोष दाखवावा, तसे हे होते. हे भाषण मिठास राखून करता आले असते. त्यांनी तसे केले नाही.

सोलापूर नगरपालिकेने मानपत्रही दिले. या शहराशी त्यांचे नाते जुने होते. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते येथेच. मानपत्राला उत्तर देताना माणूस साधारणपणे आभार मानून थांबतो. बाबासाहेब संसदीय लोकशाहीवर बोलले. काँग्रेस मंत्रिमंडळ येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, लोकांत उत्साह होता आणि सरकारला विरोध म्हणजे देशाला विरोध, असा सूर निघू लागला होता. विरोधी पक्षावाचून लोकशाही चालत नाही, हे अशा वेळी त्यांनी सांगितले.

खोती म्हणजे काय

मोर्चाकडे जाण्यापूर्वी खोतीबद्दल थोडे सांगायला हवे. आजच्या तरुण वाचकाला हा शब्द आडनाव म्हणूनच ठाऊक असतो. देशावर रयतवारी होती. शेतकरी सारा थेट सरकारात भरी. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागात सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत होता. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी त्याची. त्याच्या बदल्यात गावाकडून वसूल करायचा हक्कही त्याचा. हा हक्क वंशपरंपरा चाले. १८८० च्या खोती कायद्याने या पद्धतीला कागदी शिस्त लावली, पण पद्धत तशीच राहिली.

कूळ पिकाचा अर्धा वाटा देई तेव्हा ते अर्धेली, तिसरा हिस्सा देई तेव्हा तिर्धेली. हे कागदावरचे. प्रत्यक्षात त्यावर वेठ होती. खोताच्या शेतावर फुकट राबणे, त्याच्या घरी लग्नकार्याला लाकूडफाटा पोचवणे, मेणा उचलणे. कूळ कोण, तर मुख्यतः कुणबी, आगरी, महार, भंडारी, मुसलमान. खोत कोण, तर बरेच ब्राह्मण, पण मराठे, कायस्थ आणि मुसलमान खोतही होते. कुळाच्या बाजूलाही सर्व जाती होत्या, हे बाबासाहेबांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. महाराचे आणि कुणब्याचे हित एकाच ठिकाणी येते आणि दोघे एकाच मोर्चात चालू शकतात, हे दाखवायला याहून चांगला प्रश्न नव्हता.

या प्रश्नावर लोक आधीच उठलेले होते. मुंबई कौन्सिलात सी. के. बोले यांनी खोतीविरुद्ध आवाज उठवला होता. अलिबागजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवले की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावे त्यात उतरली. शेते ओस पडली, माणसांनी रानातली लाकडे तोडून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण संप मोडला नाही. डिसेंबर १९३४ मध्ये चरीला शेतकरी परिषद झाली तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. आमदार होण्याच्या दोन-अडीच वर्षे आधीच त्यांनी त्या ओस शेतांच्या धन्यांशी, म्हणजे खऱ्या कसणाऱ्यांशी, बोलून घेतले होते.

निवडून आल्यावर १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यात तीन गोष्टी होत्या. खोती जावी. कसणाऱ्याचा आणि सरकारचा थेट संबंध यावा, म्हणजे कोकणातही रयतवारी यावी. आणि खोताला त्याच्या हक्काबद्दल वाजवी भरपाई मिळावी. तिसरी गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते. ज्या माणसाला विरोधक जहाल म्हणत, त्याच्या विधेयकात प्रतिपक्षाच्या नुकसानीचा हिशेबही धरलेला होता.

दहा जानेवारी

खासगी सदस्याचे विधेयक मांडले म्हणजे पुढे सरकतेच, असे नसते. सरकारच्या मनात नसेल तर ते पडून राहते. सभागृहात पक्षाची माणसे थोडी. मग ज्यांच्यासाठी विधेयक होते त्यांनाच सभागृहाच्या दारापर्यंत आणायचे ठरले.

ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतून माणसे आली. वीस ते पंचवीस हजारांचा आकडा सांगितला जातो. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबई गाठायची तर बोट किंवा पाय. जानेवारीत भात कापून, झोडून झालेले असते आणि खोताचा वाटा मोजून द्यायचा हंगामही तोच. आपल्या वाट्याचा हिशेब डोक्यात ताजा असलेली माणसे मुंबईत उतरली.

कौन्सिल हॉल म्हणजे आजच्या रीगल सिनेमासमोरची दगडी इमारत. मूळची ती खलाशांसाठी बांधलेली, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १९२८ पासून तेथे कायदेमंडळ भरू लागले. आता तेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. मोर्चा त्या इमारतीपर्यंत जाऊ दिला गेला नाही. एस्प्लनेड मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला तो थांबवला गेला आणि शिष्टमंडळ तेवढे पुढे गेले. भेट घेतली प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांची. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत. खेर सज्जन म्हणून ओळखले जात, आणि त्यांचा जन्म रत्नागिरीचा. खोती काय असते हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. खोती आणि इनामदारी जावी, शेतमजुराला किमान मजुरी ठरवून मिळावी, अशा मागण्या त्यांच्यापुढे ठेवण्यात आल्या.

मैदानावरच्या सभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे शामराव परुळेकर होते, इंदुलाल याज्ञिक होते, कम्युनिस्ट कार्यकर्तेही होते. बाबासाहेबांनी तेथे सांगितले की जगात खऱ्या जाती दोनच, श्रीमंतांची आणि गरिबांची. जातिव्यवस्थेवर आयुष्यभर बोललेल्या माणसाने हे म्हणावे, याला त्या दिवशी अर्थ होता. समोर कुणबी आणि महार शेजारी शेजारी उभे होते. त्याच भाषणात कम्युनिस्टांनाही चिमटा होता. साम्यवादावरची पुस्तके येथे जमलेल्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांपेक्षा आपण जास्त वाचली आहेत, असे त्यांनी सुनावले. सोलापूरच्या ख्रिस्ती सभेत जी रीत दिसली, तीच येथे दिसते. ज्यांच्याशी हात मिळवायचा, त्यांच्यासमोरच आपला मतभेद सांगून ठेवायचा.

सभागृहात एक नाव

मोर्चानंतर थोड्याच दिवसांत, त्याच महिन्यात, विधानसभेत लोकल बोर्डांच्या कायद्याची दुरुस्ती आली. तीत अस्पृश्य वर्गासाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालायचा होता. नाशिकचे आमदार भाऊराव गायकवाड यांनी हरकत घेतली. ज्यांना हे नाव लावले जाणार त्यांना ते नको आहे, ही त्यांची साधी बाजू होती. बाबासाहेबही बोलले. नाव बदलून माणसाची स्थिती बदलत नाही, आणि बदलायचेच असेल तर ज्याचे नाव त्याला विचारायला हवे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. बहुमताने ते मानले नाही. स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले.

हा प्रसंग चरित्रांत दोन-चार ओळींत आटोपतो. मला तो मोर्चाच्या जोडीने वाचावासा वाटतो. मैदानात हजारोंशी बोलून आलेला आमदार सभागृहात मूठभरांत होता. तेथे मते मोजली जातात आणि ती त्याच्याकडे नव्हती. मग जे त्याच्याजवळ होते ते त्याने वापरले. लोक काय म्हणतात ते नोंदवून ठेवले, आणि ऐकून घेतले जात नाही तेव्हा उठून बाहेर गेला.

मनमाड

१२ आणि १३ फेब्रुवारीला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. मनमाड मोठे जंक्शन, रेल्वेच्या माणसांचे गाव. जमलेल्यांत बरेचसे गँगमन होते. वर्षानुवर्षे रूळ ठोकणाऱ्या या माणसाला साध्या हमालाची, म्हणजे पोर्टरची जागा मिळत नसे. कारण विचित्र होते. स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेई, आणि अस्पृश्य माणूस घरात चालत नसे. कापडगिरण्यांत विणकाम खात्याची तीच कथा. तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागतो, म्हणून त्या जास्त पगाराच्या खात्यात अस्पृश्याला मज्जाव, आणि याला सवर्ण कामगारांची साथ.

या उदाहरणांवरून बाबासाहेबांनी आपले प्रसिद्ध म्हणणे मांडले. कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व वर्गांत भिनलेली आहे, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. अस्पृश्य कामगारांची वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता, हा आक्षेप होताच. त्यांचे उत्तर असे की फूट आम्ही पाडली नाही, ती विणकाम खात्याच्या दारात उभी आहे. ती काढा, एकी आपोआप होईल. आणि श्रोत्यांनाही सांगितले की नुसत्या तक्रारीने भागणार नाही, संघटना करा आणि राजकारणात या.

फलित काय?

आता हिशेब. बाबासाहेबांचे खोतीचे विधेयक मंजूर झाले नाही. १९३९ मध्ये सरकारने कुळांसाठी स्वतःचा कायदा केला, तो अपुरा होता. चरीचा संप त्याच सुमारास, सहा वर्षांनी संपला. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. स्वतंत्र मजूर पक्षही फार टिकला नाही, १९४२ मध्ये त्याच्या जागी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आली. कुणबी आणि महार एका मोर्चात चालण्याचा तो प्रयोग पुढे तसाच वाढला नाही, याची हळहळ मला वाटते. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ मध्ये. तेव्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री पुन्हा बाळासाहेब खेरच होते.

मोर्चापासून कायद्यापर्यंत अकरा वर्षे. दरम्यान कितीतरी कुळे मेली. माझे आजोबा त्यांतले एक. अकरा वर्षांनी झालेल्या गोष्टीचे श्रेय त्या महिन्याला द्यायचे का, असा प्रश्न वाचक विचारील. पूर्ण श्रेय देणे बरोबर नाही. चरीची कुळे, कोकणातले शेतकरी संघ, आणि स्वातंत्र्यानंतर बदललेली परिस्थिती, या सगळ्यांचा वाटा आहे. पण खोती हा सुधारायचा व्यवहार नसून संपवायचा व्यवहार आहे, ही गोष्ट विधेयकाच्या रूपाने सभागृहाच्या कामकाजात १९३७ मध्ये आली, आणि तिच्यामागे किती माणसे आहेत हे १० जानेवारीला सरकारने खिडकीतून नाही, तर शिष्टमंडळ समोर बसवून ऐकले.

या सहा आठवड्यांतून मला लोकप्रतिनिधित्वाची एक रीत दिसते. ज्यांना मत नव्हते त्यांचेही काम या आमदाराने आपले मानले. आणि ज्यांना भेटला त्यांना गोड वाटेल तेवढेच बोलला नाही. हल्ली निवेदन घेतानाचा फोटो आणि हार यांत भेट संपते. दोन्ही बाजू खूश असतात. त्या भेटीतून नंतर सभागृहात काय गेले, हे विचारायची आपली सवय सुटली आहे. सभागृहाच्या कामकाजाचे छापील खंड ग्रंथालयांत आहेत. ते उघडून आपल्या आमदाराचे नाव शोधणे फारसे अवघड नाही.

आजी १९८० च्या दशकात गेली. सातबाऱ्यावर आमचे नाव लागलेले तिने पाहिले होते. कागद वाचता येत नसे, पण तो ती पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवायची. १० जानेवारीच्या मोर्चाबद्दल ती कधी बोलली नाही. तिला तो ठाऊक असेल असेही मला वाटत नाही. मला ठाऊक झाला, म्हणून लिहून ठेवला.